कागदावरचं मांजर : अ‍ॅमस्टरडॅमच्या 'काटेनकाबिनेट'ची पार्श्वभूमी

एक डॉलरची नोट आहे. तिच्यावर अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाऐवजी एका लालसर बोक्याचा चेहरा छापलाय आणि 'इन गॉड वुई ट्रस्ट' या बोधवाक्याची फिरकी घेत लिहिलंय, 'वुई ट्रस्ट नो डॉग'. नोट अर्थातच गमतीची. बोका मात्र खरा होता. त्याचं नाव जॉन पिअरपॉन्ट मॉर्गन, म्हणजे थेट अमेरिकेतल्या त्या बड्या बँकरचंच नाव. १९६६ ते १९८३ अशी सतरा वर्षं तो अ‍ॅमस्टरडॅममध्ये बॉब मेयर या धनिकाच्या घरी राहिला. दर पाच वर्षांनी त्याचा वाढदिवस थाटात व्हायचा आणि त्याला भेटी मिळायच्या. तेलरंगातलं व्यक्तिचित्र, ब्राँझचा पुतळा, त्याच्यावरच्या वात्रटिकांचं पुस्तक आणि ही नोट, अशा. बोका गेल्यावर मेयर यांनी त्याच्या आठवणीत १९९० साली एक संग्रहालय उघडलं. तेच काटेनकाबिनेट, मांजर हा एकच विषय घेतलेलं कलासंग्रहालय.

'काटेन' म्हणजे मांजरं. 'काबिनेट' या शब्दाशी मराठी माणूस थोडा अडखळतो, कारण आपल्याकडे कॅबिनेट म्हटलं की मंत्रिमंडळच डोळ्यांसमोर येतं. मांजरांचं मंत्रिमंडळ ही कल्पनाही वाईट नाही म्हणा. पण डच भाषेत या शब्दाला जुना अर्थ आहे. सतराव्या शतकात हॉलंडमधले सधन लोक घरातल्या एखाद्या खोलीत किंवा कपाटात शंख-शिंपले, नाणी, कोरीव कागद, चित्रं, परदेशातून आलेल्या चमत्कारिक वस्तू जमवून ठेवत आणि पाहुण्यांना कौतुकाने दाखवत. ती खोली म्हणजे काबिनेट. सार्वजनिक संग्रहालयं पुढे आली ती याच खोल्यांच्या पोटातून. अ‍ॅमस्टरडॅममधल्या फ्रेडरिक रुईश या शरीरशास्त्रज्ञाचा असा संग्रह १७१७ मध्ये रशियाच्या पीटर द ग्रेटने ३० हजार गिल्डरना (गिल्डर म्हणजे तेव्हाचं डच चलन) उचलला, इतकी त्यांची ख्याती होती. मेयर यांनी जुना शब्द निवडला तो विचारपूर्वक असावा. हे एका माणसाच्या आवडीचं घर आहे, सरकारी दालन नाही, हे त्या शब्दातूनच कळतं.

घरही तसंच मिळालं. पत्ता हेरेनग्राख्त ४९७. अ‍ॅमस्टरडॅमच्या अर्धवर्तुळाकार कालव्यांपैकी हा सर्वांत मानाचा कालवा. त्यातही हे घर ज्या भागात आहे त्याला 'सोनेरी वळण' म्हणतात, कारण इथे व्यापाऱ्यांनी एकाऐवजी दोन-दोन भूखंड जोडून रुंद वाडे बांधले. हा सगळा कालव्यांचा पट्टा २०१० मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात गेला. ४९७ क्रमांकाचं घर १६६७ मध्ये विलेम आणि आद्रियान फान लोन या भावांसाठी बांधलं गेलं. पुढे तिथे शहराचा महापौर यान कालकून राहिला आणि नंतर एंगेलबर्ट फ्रांस्वा फान बेर्केल हा अ‍ॅमस्टरडॅमचा वजनदार कायदेशीर सल्लागार.

फान बेर्केल अमेरिकी क्रांतीचा पाठीराखा होता. त्याला भेटायला या घरात जॉन अ‍ॅडम्स यायचा, म्हणजे पुढे अमेरिकेचा दुसरा राष्ट्राध्यक्ष झाला तो. अ‍ॅडम्स १७८० मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला पोहोचला तो पैसे उभे करायला. नवजात देशाकडे युद्ध चालवायला दमडी नव्हती आणि डच सावकार फार सावध होते. दोन वर्षं उंबरे झिजवल्यावर १७८२ मध्ये त्याला तिथल्या बँकर मंडळींकडून ५० लाख गिल्डरचं कर्ज मिळालं. ज्या घराच्या पायऱ्या अमेरिकेने कर्जासाठी चढल्या, त्याच घरात आज एका बँकरच्या नावाचा बोका डॉलरवर विराजमान आहे. हा योगायोग कोणी जुळवून आणला असेल असं वाटत नाही, पण मला तरी तो संग्रहातल्या निम्म्या वस्तूंपेक्षा जास्त आवडतो.

आता संग्रहाकडे. खोल्या पाच-सहा, छत चितारलेलं, जुनं फर्निचर, मागे बाग. वरच्या मजल्यावर मेयर कुटुंब राहतं आणि घरातली खरी मांजरं दालनांतून फिरत असतात. भिंतींवर रेम्ब्रांट, पिकासो, तुलूझ-लोत्रेक, स्टाइनलेन अशी नावं दिसतात. पण जवळ जाऊन पाहिलं की लक्षात येतं, यातलं बरंचसं कागदावर आहे. पोस्टर, शिलामुद्रण म्हणजे दगडावरून केलेली छपाई, अम्लरेखन म्हणजे आम्लाने पत्रा कोरून केलेली छपाई, पुस्तकातली चित्रं, जाहिराती. मोठमोठे कॅनव्हास कमी. काही पाहुणे यामुळे हिरमुसतात. पैशांची मर्यादा हे त्याचं एक कारण आहेच, पण माझ्या मते ते खरं कारण नव्हे. मांजर चित्राच्या मधोमध आलं ते मुख्यतः स्वस्त कागदावर. महागड्या कॅनव्हासवर ते शतकानुशतकं कोपऱ्यातच बसलेलं होतं.

सुरुवात मात्र देव्हाऱ्यातून झाली होती. इजिप्तमध्ये बास्टेट देवी मांजरीच्या रूपात पुजली जात होती. ब्रिटिश म्युझियममधलं गेयर-अँडरसन मांजर, कानात-नाकात सोन्याच्या रिंगा घातलेलं ब्राँझचं शिल्प, इसवी सनापूर्वी ६०० च्या आसपासचं आहे. त्याच संग्रहालयात नेबामुन या इजिप्शियन अधिकाऱ्याच्या थडग्यातलं भित्तिचित्र आहे. इ. स. पू. १३५० च्या सुमाराचं. त्यात नेबामुन दलदलीत पक्ष्यांची शिकार करतोय आणि एक ठिपकेदार मांजर एकाच वेळी तीन पक्षी पकडून उभं आहे. चित्रकाराने त्याचा डोळा सोन्याच्या वर्खाने भरलाय. एवढा मान नंतर फार काळ मिळाला नाही. १८९० मध्ये तर बेनी हसनच्या परिसरात सापडलेल्या मांजरांच्या सुमारे १ लाख ८० हजार ममी, वजनाने १९ टन, लिव्हरपूल बंदरात उतरवून शेतीच्या खतासाठी विकल्या गेल्या. ज्यांना कधीकाळी देवीला वाहिलं होतं, त्यांची भुकटी करून शेतात टाकली.

ख्रिस्ती युरोपात मांजराची पत आणखी घसरली. १२३३ मध्ये पोप नववा ग्रेगरी याने काढलेल्या पत्रात पाखंडी लोकांच्या गुप्त विधींचं वर्णन आहे आणि त्यात काळ्या मांजराला भूमिका दिली आहे. चित्रकारांनी हाच संकेत उचलला. फ्लॉरेन्समधल्या सान मार्को मठात घिर्लांदायोने १४८० च्या दशकात येशूचं 'अखेरचं भोजन' रंगवलं. त्यात टेबलाच्या अलीकडे एकट्या बसलेल्या जुडासजवळ, म्हणजे येशूला दगा देणाऱ्या शिष्याजवळ, जमिनीवर मांजर आहे आणि ते सरळ आपल्याकडे बघतंय. विश्वासघात बघणाऱ्याला नावानिशी सांगावा लागू नये, म्हणून केलेली ती खूण. १५३० च्या दशकात लोरेन्झो लोत्तोने देवदूत मेरीला शुभवार्ता सांगायला येतो तो प्रसंग रंगवला, तर त्यात घाबरून पाठ वाकवून पळणारं मांजर घातलं. ते सैतानाचं प्रतीक की फक्त दचकलेलं मांजर, यावर अभ्यासक अजून भांडतात. मला ते घरचंच वाटतं. अशी पाठ जिवंत मांजर बघूनच काढता येते.

डच आणि फ्लेमिश चित्रकारांनी मांजराला निदान घरात घेतलं. ब्रुगेलच्या १५५९ च्या म्हणींच्या चित्रात चिलखत घातलेला एक माणूस मांजराच्या गळ्यात घंटा बांधतोय. ही म्हण आपली एकट्याची नाही, हे त्या चित्रासमोर कळतं. यूदित लेस्टरच्या चित्रात दोन खट्याळ मुलांच्या हातात मांजर आणि वाम मासा आहे. यान स्टीनच्या चित्रात मुलं मांजराला दोन पायांवर नाचायला शिकवतायत. मजेदार चित्रं आहेत, पण मांजर तिथे उपदेशासाठी आलंय. मुलांना वळण लावलं नाही तर काय होतं, हे सांगायला.

रेम्ब्रांटचं अम्लरेखन याच वळणावर येतं. १६५४ मधलं हे चित्र आकाराने पोस्टकार्डएवढं. एका साध्या डच खोलीत मेरी बाळाला घेऊन जमिनीवर बसली आहे, खिडकीतून जोसेफ आत डोकावतोय. मेरीच्या पायाखाली साप आहे, तो बायबलमधून आलेला. आणि तिच्या झग्याच्या टोकाशी एक मांजर खेळतंय, ते बहुधा शेजारच्या घरातून आलेलं. प्रतीक आणि पाळीव प्राणी एकाच चौकटीत. हे तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापलेलं काम होतं. एकाच पत्र्यावरून अनेक प्रती निघत आणि तेलचित्र न परवडणारा माणूसही ती विकत घेऊ शकत असे. दोनच वर्षांनी, १६५६ मध्ये, रेम्ब्रांटचं दिवाळं निघालं, ती गोष्ट वेगळी.

स्वस्त कागद आणि मांजर यांची ही जोडी युरोपापुरती नाही. जपानमध्ये १८४२ च्या सुमारास सरकारने नटांची आणि गणिकांची छापील चित्रं विकायला बंदी घातली. उतागावा कुनियोशी या चित्रकाराने तोड काढली. त्याने नटांचे चेहरे मांजरांना दिले. लोकांनी ओळखायचे ते ओळखले आणि कायद्याच्या दृष्टीने ती फक्त मांजरं होती. कुनियोशी स्वतः मांजरवेडा. किमोनोच्या घडीत पिल्लू ठेवून तो काम करायचा, असं त्याचे शिष्य सांगत. कोलकात्यात कालीघाटच्या पटुआंनी, म्हणजे पारंपरिक चित्रकारांनी, यात्रेकरूंना विकण्यासाठी गिरणीच्या कागदावर झपाट्याने चित्रं काढली. त्यात कपाळावर टिळा लावलेलं आणि तोंडात मासा किंवा कोळंबी धरलेलं मांजर फार लोकप्रिय झालं. ढोंगी वैष्णवांना मारलेला तो टोमणा होता. त्याच्या हजारेक वर्षं आधी महाबलीपुरमच्या शिळेवर उभं राहून तप करणारं मांजर कोरलेलं आहे आणि पायाशी भाबडे उंदीर. थट्टा तीच, फक्त दगडातून कागदावर उतरली.

पॅरिसमध्ये पडदा नीट उघडला तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. एदुआर माने या फ्रेंच चित्रकाराने १८६३ मध्ये 'ऑलिम्पिया' ही पहुडलेली नग्न स्त्री रंगवली तेव्हा त्याच्यासमोर जुन्या इटालियन चित्रकाराची, तिशियनची, व्हीनस होती. तिशियनच्या नायिकेच्या पायाशी कुत्रं झोपलंय, निष्ठेची खूण म्हणून. मानेने कुत्रं काढून तिथे शेपटी उभारलेलं काळं मांजर ठेवलं. १८६५ च्या प्रदर्शनात गदारोळ झाला आणि व्यंगचित्रकारांनी त्या मांजराला मोठं करकरून छापलं. मानेने बहुधा त्यातून धडा घेतला असावा. १८६८ मध्ये शांफ्लरी या लेखकाच्या मांजरांवरच्या पुस्तकासाठी त्याने एक पोस्टर केलं. छपरावर एक काळं, एक पांढरं मांजर. बाकी कोणी नाही. गल्लीतल्या भिंतीवर मांजर आता स्वतःच्या नावावर आलं होतं.

पुढची घडामोड कायद्याने केली. १८८१ च्या फ्रेंच छापखाना कायद्याने भिंतींवर पत्रकं लावण्यावरचे निर्बंध सैल केले, रंगीत शिलामुद्रण स्वस्त झालं आणि पॅरिसच्या भिंती पोस्टरांनी भरून गेल्या. त्याच वर्षी रोदोल्फ सालिसने पॅरिसच्या मोंमार्त्र वस्तीत 'ल शा न्वार' म्हणजे 'काळं मांजर' नावाची मैफिलींची खानावळ काढली. स्वित्झर्लंडमधल्या लोझानहून आलेला चित्रकार तेओफिल स्टाइनलेन तिथे रुळला आणि तिच्या साप्ताहिकात शब्दांशिवाय मांजरांच्या चित्रकथा काढू लागला. १८९४ मध्ये दुधाच्या जाहिरातीत त्याने लाल झग्यातली आपली मुलगी आणि तिच्या वाटीकडे डोळे लावून बसलेली तीन मांजरं काढली. आणि १८९६ मध्ये ते पोस्टर, जे आज जगभर पिशव्यांवर आणि चहाच्या मगांवर दिसतं. खानावळीच्या कलाकारांच्या दौऱ्याची ती जाहिरात. भलंमोठं काळं मांजर, पिवळे डोळे. त्याच्या डोक्यामागे काय आहे, हे मगवर पाहताना सहसा निसटतं. ते संतांचं प्रभामंडळ आहे, लाल रंगाचं, त्यावर मोंमार्त्रचं नाव. घिर्लांदायोने ज्याला जुडासजवळ बसवलं होतं, त्याला चारशे वर्षांनी स्टाइनलेनने संतपद दिलं, तेही जाहिरातीत.

याच काळात तेलरंगातही एक दार उघडलं आणि ते उघडणारी अ‍ॅमस्टरडॅमची होती. हेन्रिएट रोनर-क्निप, जन्म १८२१. लग्नानंतर ब्रसेल्सला गेली आणि बरीच वर्षं गाडी ओढणारी कुत्री रंगवत राहिली. १८७० च्या सुमारास तिने मोर्चा मांजरांकडे वळवला. मांजर एका जागी बसत नाही म्हणून तिने काचेची पेटी करवून घेतली, आत गादी ठेवली आणि बाहेरून पिल्लांचं निरीक्षण केलं. ती चित्रं गोड आहेत, जरा जास्तच गोड, पण पंजा गादीत रुततो तेव्हा मखमल कशी दबते हे तिच्याइतकं कोणी पाहिलेलं नाही. वेळही तिच्या पथ्यावर पडली. १८७१ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये हॅरिसन वियरने मांजरांचं पहिलं मोठं प्रदर्शन भरवलं होतं. उंदीर मारणारं जनावर आता जात, वंश आणि बक्षिसं असलेलं लाडकं झालं होतं आणि लाडक्यांची चित्रं भिंतीवर लागतातच.

विसाव्या शतकातले चित्रकार या संग्रहात त्रोटक भेटतात. अ‍ॅमस्टरडॅमच्याच ज्यू वस्तीत वाढलेल्या साल मेयरची सरळसोट मांजरं आहेत, कॉर्नेयची रंगीत मांजरंही. साल मेयरकडे थोडं थांबावं. कालव्याकडेची घरं तो ज्या शांतपणे रंगवायचा, तितक्याच शांतपणे मांजर रंगवायचा. उपदेश नाही, लाडही नाहीत.

संग्रहालयाचा बोका जन्मला त्याच १९६६ साली, याच हेरेनग्राख्तवर, हेन्रिएट फान वीलडे या बाईंनी घरासमोर आसरा शोधणाऱ्या भटक्या मांजरीला आणि तिच्या पिल्लांना आत घेतलं. मग आणखी आली, घर पुरेना, तेव्हा १९६८ मध्ये त्यांनी एक जुनी बोट घेऊन कालव्यात उभी केली आणि मांजरं तिथे हलवली. 'पुझेनबोट' ही मांजरांची बोट अजून आहे, आता सिंगेल कालव्यात, काटेनकाबिनेटपासून पायी जाण्याच्या अंतरावर. तिथली मांजरं भिंतीवर नाहीत, पिंजऱ्यांत आणि फळ्यांवर झोपलेली असतात आणि योग्य माणूस भेटला तर घरी देतात.