जुन्या छापील चित्रांवरची कलाकुसर: हे सगळं आलं कुठून

सध्या जुन्या चित्रांचे तुकडे घेऊन कोलाज, जंक जर्नल (जुने कागद चिकटवून केलेली वही), ग्रीटिंग, फ्रेम असं काय काय करणारे कलाकार खूप दिसतात आणि त्यांचं बघून आपणही काहीतरी करावं असं वाटायला लागतं. पण बऱ्याच जणांचा समज असा की ही बाहेरून आलेली फॅशन आहे. बाहेरचा इतिहास आहेच, तो पटकन सांगते. १८६०-७० च्या सुमारास इंग्लंडमधल्या उमराव घरातल्या बायका छोट्या फोटोंमधली माणसं कापून स्वतः रंगवलेल्या चित्रांमध्ये चिकटवायच्या, आणि पहिलं महायुद्ध संपता संपता बर्लिनमधल्या कलाकारांनी मासिकांतले फोटो कापून राजकीय चित्रं केली. हे सगळं महत्त्वाचं आहे, पण माझा जीव अडकलाय तो आपल्या घरांतल्या भिंतींवर.

पुण्यात १८७८ मध्ये चित्रशाळा हा छापखाना निघाला आणि देवादिकांची, पेशवाईतल्या माणसांची रंगीत छापील चित्रं लोकांना परवडायला लागली. १८९४ मध्ये मुंबईत गिरगावात चित्रकार राजा रविवर्मांचा रविवर्मा प्रेस सुरू झाला, काही वर्षांतच तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, कर्ज वाढलं म्हणून तिथल्याच एका जर्मन तंत्रज्ञाला विकला गेला, आणि पुढे १९७२ च्या आगीपर्यंत तिथून चित्रं निघत राहिली. तीच लक्ष्मी, सरस्वती, दमयंती मग साबणाच्या, औषधांच्या कॅलेंडरवर आली, काडेपेटीवर आली, विलायती कापडाच्या ताग्यांवर चिकटवलेल्या लेबलांवरही आली. आज जे लोक काडेपेट्यांचे छाप आणि मिलची लेबलं जमवून कोलाज करतात त्यांचं बरंचसं सामान याच काळातलं.

आता खरी गोष्ट. हे छापील कागद घरात आले की बायका ते नुसते टांगून ठेवायच्या नाहीत, तर त्यावर सुईदोरा घेऊन बसायच्या.

आमच्याकडे आजीच्या सासूबाईंनी सजवलेली एक लक्ष्मी आहे. कागदावर छापलेलं लुगडं दिसतच नाही, त्या जागी खऱ्या तांबड्या रेशमाचा तुकडा बसवलाय, त्याला जुन्या लुगड्याची जर उसवून लावलेला काठ, गळ्यातल्या छापील दागिन्यांवर एकेक टिकली आणि बारीक काचमणी शिवलेले. रेशमाखाली थोडा कापूस भरलाय म्हणून मूर्ती कागदावरून उठून येते. चेहरा, चारही हात आणि पावलं मात्र तशीच उघडी, मागचं पाणी आणि हत्तीसुद्धा तसाच. काच बदलायला फ्रेम उघडली तेव्हा चित्राची मागची बाजू बघितली, सगळे टाके एकसारखे, फक्त डाव्या कोपऱ्यात दोरा संपला असणार म्हणून तांबड्याचा पांढरा झालेला. कुठे सुई घालायची आणि कुठे छपाईला हात लावायचा नाही हे त्या बाईने नीट ठरवलेलं होतं आणि मला विचाराल तर आजचा कोलाजवाला अगदी हेच ठरवत असतो. अशा सजवलेल्या प्रती तमिळनाडूत चेट्टिनाडच्या वाड्यांमध्येही होत्या, म्हणजे हे एकाच घराचं किंवा एकाच प्रांताचं वेड नव्हतं.

यात सगळ्यात जास्त घोळ घालणारा शब्द म्हणजे 'ओरिजिनल'. बाजारात कोणीही म्हणतं ओरिजिनल रविवर्मा. पण मूळ म्हणजे तैलचित्र, ते एकच. प्रेसमध्ये काय व्हायचं तर कारागीर ते चित्र बघून दगडावर ठिपक्या ठिपक्यांनी उतरवायचे, प्रत्येक रंगाला वेगळा दगड, आणि एकाच कागदावर ते दगड एकामागून एक छापायचे. म्हणजे ही नक्कलच आहे हे खरं, पण तीसुद्धा हाताने केलेली नक्कल. शिवाय ओलिओग्राफ हा शब्दही आपण सरसकट वापरतो, नीट बघितलं तर वार्निश देऊन किंवा दाबून पोत आणून तैलचित्रासारखी दिसणारी छपाई तेवढीच ओलिओग्राफ, बाकीच्या साध्या रंगीत शिळाछपाया. त्यात इतर छापखान्यांनी त्याच चित्रांच्या नकला काढल्या, आणि आता तर ऑफसेटच्या आधुनिक यंत्रावर छापून कागद चहाच्या पाण्यात पिवळा करून विकतात, मी स्वतः एकदा अशी सरस्वती ओरिजिनल म्हणून घेतली आणि घरी आल्यावर भिंगाखाली धरली तर चेहऱ्यावर रांगेत बसलेले एकसारखे ठिपके. दगडावरच्या छपाईत ठिपके वेडेवाकडे, कमीजास्त जाड असतात, हाताचे असतात ना. त्यामुळे चोर बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात जाताना खिशात भिंग ठेवा आणि तळाशी छापलेलं प्रेसचं नाव वाचा, मळवली लिहिलंय की दुसरं काही की काहीच नाही.

याच शब्दावरून पुढचा वाद होतो, की खरी जुनी प्रत कापायची की नाही. एक बाजू म्हणते ही चित्रं स्वस्तात, ढिगाने, वापरायलाच छापली होती, बायकांनी सुया टोचल्याच की. मुद्दा खोटा नाही. पण त्यांच्याकडे एक खराब झालं तर दुकानात दुसरं होतं, आपल्याकडे तो कारखानाच राहिला नाही. आणि त्यांनी चित्र वाढवलं, तुकडे केले नाहीत. म्हणून मी कापायच्या ठाम विरोधात आहे. चांगला स्कॅन काढा, जाड कागदावर प्रिंट घ्या आणि मग हवी तेवढी कात्री चालवा. कसर लागलेली, कडा झडलेली प्रत असेल तर गोष्ट वेगळी, तिचा उरलेला भाग कोणीतरी जपून वापरला तर मला आवडेलच.

हक्कांचं थोडक्यात, आपल्या कायद्यात चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात, रविवर्मा १९०६ मध्ये गेले त्यामुळे त्यांची चित्रं मोकळी आहेत. १९५०-६० च्या कॅलेंडरवाल्या चित्रकारांचं तसं नाही, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचे हक्क अजून चालू असू शकतात, तिथे विचारून वापरा.

स्कॅनर घरोघरी आल्यावर हे काम खूप बदललं. आता एकच दमयंती दहा वेळा छापता येते, हंस वेगळा काढता येतो, मोठा करता येतो. काही जणी तर कागदाऐवजी सुती कापडावर प्रिंट घेतात आणि त्यावर पुन्हा भरतकाम करतात, कागद फाटायची भीती नाही. हे बघून मीही आमच्या लक्ष्मीचा स्कॅन मांजरपाटावर काढून आणलाय. लुगडं अजून रिकामं आहे, आणि आईने तिच्या फाटलेल्या शालूचा काठ काढून ठेवलाय त्यासाठी.