नोकरी सांभाळून सामाजिक शास्त्रांत पीएच.डी.: पुण्यातून अर्ज करताना

दहा-पंधरा वर्षं एखाद्या संस्थेत, शाळेत, समुपदेशन केंद्रात किंवा सरकारी खात्यात काम केलेल्या माणसाजवळ प्रश्नांचा मोठा साठा असतो. त्याला डॉक्टरेट करावीशी वाटते ती बहुतेकदा त्या प्रश्नांसाठी. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात अशांसाठी ‘प्रोफेशनल डॉक्टरेट’ असते. तिथे आधी शिकवणीचा भाग होतो आणि मग स्वतःच्या कामातून निघालेल्या विषयावर प्रबंध लिहायचा असतो. आपल्याकडे सामाजिक शास्त्रांत यासाठी रुळलेला मार्ग म्हणजे अर्धवेळ पीएच.डी. तिचे नियम यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) ७ नोव्हेंबर २०२२ च्या अधिसूचनेत आहेत. पदवी पूर्णवेळवाल्यांना मिळते तीच, आणि मूल्यमापनही तेच. अर्धवेळ म्हणजे सोपी, असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

‘घरबसल्या ऑनलाइन पीएच.डी.’च्या जाहिरातींबद्दल सुरुवातीलाच सांगायला हवं. दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने पीएच.डी. देता येत नाही, असं नियमच सांगतो. परदेशी संस्थांशी हातमिळवणी करून एडटेक कंपन्या विकत असलेल्या अशा पदव्यांना मान्यता नाही, असा इशारा यूजीसी आणि एआयसीटीईने (तंत्रशिक्षण परिषदेने) ऑक्टोबर २०२२ मध्ये मिळून दिला होता. लाखो रुपये भरण्याआधी एवढं तरी वाचा.

पात्रता

दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी किमान ५५ टक्क्यांनी हवी. अनुसूचित जाती, जमाती, नॉन-क्रीमी लेअर ओबीसी, दिव्यांग आणि आर्थिक दुर्बल घटकांना ५ टक्के सवलत आहे. चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी उत्तीर्ण झालेल्यांनाही आता थेट अर्ज करता येतो. त्यांनाही हीच सवलत लागू आहे. जुन्या एम.ए.ला ५३-५४ टक्के असलेले खुल्या प्रवर्गातले अनेक अनुभवी लोक इथेच अडकतात. कामाचा अनुभव कितीही दांडगा असला तरी तो या टक्क्यांची जागा घेत नाही.

यानंतर प्रवेश परीक्षा. जून २०२४ पासून नेटचा (राष्ट्रीय पात्रता परीक्षेचा) निकाल तीन गटांत लागतो: जेआरएफ (कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती) व सहायक प्राध्यापकपद, सहायक प्राध्यापकपद व पीएच.डी. प्रवेश, आणि फक्त पीएच.डी. प्रवेश. जेआरएफवाल्यांची निवड मुलाखतीवर होते. इतर दोन गटांत नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के भार असतो, आणि हा निकाल प्रवेशासाठी एकच वर्ष चालतो. नेट वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबरच्या सत्रांत होते. भाषाविषय सोडले तर प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत असते, म्हणून मराठीतून एम.ए. केलेल्यांनी इंग्रजी परिभाषेची तयारी वेगळी करावी. विद्यापीठाने स्वतःची पीएच.डी. प्रवेश परीक्षा (पेट) घेतली तर निम्मे प्रश्न संशोधन पद्धतीवर आणि निम्मे विषयावर असतात. त्यात ५० टक्के गुण लागतात, सवलतीच्या प्रवर्गांना ४५.

गाइड आणि जागा

परीक्षेच्या तयारीइतकाच वेळ इथे द्या, असं मी आग्रहाने सांगेन. प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चारच संशोधक असू शकतात. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी उरलेल्यांना नवे विद्यार्थी घेता येत नाहीत. म्हणजे परीक्षा उत्तम गेली तरी तुमच्या विषयाच्या गाइडकडे जागा नसेल तर वर्ष जातं. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या विभागांबरोबर संलग्न महाविद्यालयांतली संशोधन केंद्रंही पाहा. समाजकार्यासाठी कर्वेनगरची कर्वे समाजसेवा संस्था, अर्थशास्त्रासाठी गोखले संस्था, शिवाय टिळक महाराष्ट्र विद्यापीठ आहे. प्रत्येकाची जाहिरात, शुल्क आणि वेळापत्रक वेगळं असतं. संभाव्य गाइडच्या हाताखाली झालेले दोन-तीन प्रबंध ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात फुकट वाचता येतात. ते वाचून मगच त्यांना भेटायला जा. बोलणं लगेच मुद्द्यावर येतं.

नोकरीच्या ठिकाणची कागदपत्रं

अर्धवेळ प्रवेशाचा कणा म्हणजे ना हरकत प्रमाणपत्र. नुसतं ‘आमची हरकत नाही’ असं एका ओळीचं पत्र चालत नाही. त्यात तीन गोष्टी स्पष्ट हव्यात: अर्धवेळ शिकायला परवानगी आहे, कामातून संशोधनाला पुरेसा वेळ देता येईल, आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी, म्हणजे प्रवेशानंतरच्या सक्तीच्या अभ्यासक्रमासाठी, कार्यमुक्त करू. शेवटच्या वाक्याला वरिष्ठ बिचकतात. म्हणून मसुदा आपणच करून न्यावा आणि कोर्सवर्क १२ ते १६ क्रेडिटचं असतं हे त्यांना समजावून सांगावं. सरकारी नोकरीत ही फाइल बऱ्याच टेबलांवरून फिरते, जाहिरात येण्याची वाट पाहू नका.

आणखी एक परवानगी लोक विसरतात, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. समजा तुम्ही कचरावेचकांच्या संघटनेत काम करता आणि त्यांच्याच आरोग्यावर संशोधन करायचं ठरवता. संघटनेच्या नोंदी वापरायला ना हरकत प्रमाणपत्र पुरत नाही, त्यासाठी वेगळं लेखी पत्र घ्या. ज्या ताईंना तुम्ही रोज कार्यकर्ता म्हणून भेटता, त्यांना मुलाखत नाकारण्याची खरी मोकळीक कशी मिळेल, हे आराखड्यातच लिहा. प्रवेशाच्या मुलाखतीत हा प्रश्न विचारला जाऊ शकतो आणि विचारायलाच हवा. त्यांचा विश्वास तुम्ही कामातून मिळवला आहे, संशोधनासाठी तो गृहीत धरता येत नाही.

बाकीची कागदपत्रं नेहमीची आहेत: दहावीपासूनच्या गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्रं, नेट किंवा पेटचा निकाल, ओळखपत्र, संशोधन आराखडा. ग्रेड असतील तर टक्केवारीत रूपांतर केल्याचं पत्र लागतं. दुसऱ्या विद्यापीठातून येणाऱ्यांना स्थलांतर प्रमाणपत्र लागतं. आरक्षणासाठी जात प्रमाणपत्र व जातवैधता, आणि लागू असेल तिथे चालू मुदतीचं नॉन-क्रीमी लेअर प्रमाणपत्र. लग्नानंतर नाव बदललेल्यांनी राजपत्राची प्रत किंवा विवाह नोंदणीचा दाखला हाताशी ठेवावा.

पैशांचं म्हणाल तर बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या पूर्णवेळ संशोधन करणाऱ्यांसाठी असतात. पगार घेऊन अर्धवेळ करणाऱ्याने त्या हिशोबात धरू नयेत.

प्रवेशानंतर

किमान मुदत कोर्सवर्क धरून तीन वर्षं, कमाल सहा. पुनर्नोंदणी करून आणखी दोन वर्षं मिळतात. महिलांना आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना त्यावर आणखी दोन, म्हणजे जास्तीत जास्त दहा. प्रसूती व बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजेची तरतूद आहे. ती मागायला संकोचू नका. कोर्सवर्कमध्ये ५५ टक्के मिळवावे लागतात आणि संशोधन नीतीचा विषय सक्तीचा आहे. दर सहामाहीला संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडायची असते. कार्यालयातल्या मार्चअखेरीसारख्या धावपळीत ही तारीख येऊ शकते, म्हणून वर्षाच्या सुरुवातीलाच ती विचारून रजा टाकावी.

प्रबंध वाङ्मयचौर्य तपासणीतून जातो, मग गाइडखेरीज किमान दोन बाह्य परीक्षकांकडे, आणि शेवटी तोंडी परीक्षा होते. पदवी मिळताना तात्पुरत्या प्रमाणपत्रावर ‘यूजीसीच्या या नियमांनुसार प्रदान’ असा उल्लेख आहे का ते त्याच खिडकीवर पाहून घ्या. पुढे प्राध्यापकपदासाठी अर्ज करायचा असेल तर हा उल्लेख उपयोगी पडतो.