फ्लाइट सिम्युलेटर आणि एअरलाइनचं पायलट ट्रेनिंग सेंटर

लायसन्स मिळालेल्या पायलटला एका ठराविक विमानासाठी तयार करायचं आणि पुढे तो नोकरीत असेपर्यंत दर सहा महिन्यांनी परत परत तपासायचं, हे काम जिथे चालतं ते एअरलाइनचं पायलट ट्रेनिंग सेंटर. फ्लाइंग स्कूल वेगळं आणि हे वेगळं, आपल्याकडे गोव्यात दोन्हींची गल्लत होते म्हणून सुरुवातीलाच सांगतो. फ्लाइंग स्कूलमध्ये छोटी विमानं असतात, मुलं खरंखुरं आकाशात उडतात आणि २०० तास भरले की कमर्शियल लायसन्ससाठी पात्र होतात. एअरलाइनच्या सेंटरमध्ये बहुतेक वेळा एकही विमान नसतं. बाहेरून बघाल तर कुठल्याही कंपनीचं ऑफिस वाटेल, आत गेलात की दोन-तीन मजले उंच हॉल, आणि त्यात सहा लोखंडी पायांवर उभे असलेले पांढरे मोठे डबे. त्या डब्याला फुल फ्लाइट सिम्युलेटर म्हणतात, पायलट लोक नुसतं सिम म्हणतात.

डब्यात शिरायला एक छोटा पूल असतो, सगळे आत गेले की तो उचलला जातो आणि मगच सिम हलायला लागतं. आत कॉकपिट अगदी खऱ्यासारखं, म्हणजे प्रत्येक स्विच, प्रत्येक लिव्हर, सीटसुद्धा त्याच मापाची. एअरबस ए३२० चं सिम असेल तर विमान वळवायला बाजूला छोटी दांडी, म्हणजे साइडस्टिक, बोइंग ७३७ चं असेल तर समोर मोठं हँडल. एका विमानाचं टाइप रेटिंग, म्हणजे त्या जातीचं विमान उडवायची परवानगी, दुसऱ्याला चालत नाही, त्यामुळे सेंटर काढणाऱ्या एअरलाइनला आपल्याकडे जी विमानं आहेत त्याच जातीची सिम घ्यावी लागतात आणि ती कोटी-कोटींच्या किमतीची असतात. सिमचे ए ते डी असे दर्जे असतात, डी सगळ्यात वरचा. लेव्हल डी सिममध्ये दिवस, संध्याकाळ, रात्र, पाऊस, धुकं सगळं दिसतं, इंजिनाचा आवाज बदलतो, चाकं रनवेला टेकल्याचा दणका बसतो, आणि ते इतकं खरं मानलं जातं की पुरेसा अनुभव असलेला पायलट नव्या विमानाचं सगळं ट्रेनिंग यातच करतो आणि खऱ्या विमानातलं त्याचं पहिलं लँडिंग प्रवासी घेऊनच असतं, शेजारी अर्थात ट्रेनिंग कॅप्टन बसलेला असतो. नवख्यांना मात्र आधी रिकामं विमान घेऊन काही लँडिंग करून दाखवावी लागतात.

आता हा डबा जागेवरच उभा, मग माणसाला वेग कसा जाणवतो? रायबंदरच्या धक्क्यावर फेरीबोटीत उभं असताना शेजारची फेरी सुटली की क्षणभर आपणच निघालो असं वाटतं ना, तसंच काहीसं. डोळे शरीराला फसवतात. सिममध्ये समोरच्या मोठ्या वक्र आरशातून चित्र दाखवतात, त्यामुळे रनवे खरोखर लांब आहे असं डोळ्याला वाटतं आणि दोन्ही पायलटना तो आपापल्या बरोबर समोर दिसतो. त्याला जोड सहा पायांची. हे पाय लांब-आखूड होऊन डबा वर-खाली, पुढे-मागे, डावी-उजवीकडे सरकवतात आणि तिन्ही दिशांनी कलवतातही. टेकऑफला जोर दिला की डबा आधी थोडा पुढे सरकतो आणि मग हळूच मागे कलतो, समोरचं चित्र मात्र सपाटच राहतं, म्हणजे पाठ सीटला दाबली जाते ती खरं तर स्वतःच्याच वजनाने पण मेंदू म्हणतो विमान सुसाट निघालंय. कानातलं तोल सांभाळणारं यंत्र बदल ओळखतं, सावकाश झालेली हालचाल त्याला कळत नाही, म्हणून डबा गुपचूप परत मूळ जागी येतो आणि पुढच्या धक्क्याला तयार राहतो.

या सगळ्याची सुरुवात भात्यापासून झाली. पेटी वाजवणाऱ्याला भाता काय असतो ते सांगायला नको. अमेरिकेतल्या बिंगहॅम्टनमध्ये एडविन लिंक नावाच्या माणसाच्या घरचा पियानो आणि ऑर्गन बनवायचा कारखाना होता, त्याने तिथलेच भाते आणि हवेचे पंप वापरून १९२९ मध्ये एक छोटं लाकडी विमान बनवलं, जे जमिनीवर बसून डोलायचं. सुरुवातीला ते करमणुकीच्या बागांमध्ये खेळणं म्हणून विकलं गेलं. १९३४ मध्ये अमेरिकन आर्मीकडे टपाल वाहून न्यायचं काम आलं, आणि ढगात, रात्री, नुसत्या मीटरवर बघून उडवायची सवय नसल्यामुळे थोड्याच आठवड्यांत बरेच पायलट मेले, तेव्हा त्यांना या खेळण्याची आठवण झाली आणि त्यांनी ६ यंत्रं घेतली. दुसऱ्या महायुद्धापर्यंत अशी १०,००० पेक्षा जास्त बनली आणि लाखो पायलट त्यावर शिकले.

गोव्याचं विमानांशी नातं तसं जुनं आहे. दाबोळीचा विमानतळ पोर्तुगीजांनी १९५५ मध्ये सुरू केला, त्यांची इथली स्वतःची एअरलाइनसुद्धा होती, ती १९६१ पर्यंत चालली. मुक्तीनंतर दाबोळी नेव्हीकडे आली, तिथल्या तळाचं नाव आयएनएस हंसा. आणि ज्याला आपण सिम्युलेटर म्हणतो त्याचा एक भलामोठा भाऊ तिथेच उभा आहे, विमानवाहू जहाजाच्या डेकची जमिनीवर बांधलेली नक्कल, पुढे उचललेला रॅम्प आणि उतरताना विमानाला अडवायला तारा. नेव्हीचं तेजस हे लढाऊ विमान २० डिसेंबर २०१४ ला पहिल्यांदा या रॅम्पवरून उडालं, १३ सप्टेंबर २०१९ ला इथेच तार पकडून थांबलं, आणि त्यानंतर जानेवारी २०२० मध्ये आयएनएस विक्रमादित्य या विमानवाहू जहाजावर खऱ्या समुद्रात उतरलं. आधी जमिनीवर, मग पाण्यावर. सिमच्या मागचा विचारही नेमका हाच. बोगमाळ्याचं नेव्हल एव्हिएशन म्युझियम ज्यांनी बघितलं नाही त्यांनी मुलांना घेऊन जरूर जावं, सी हॅरियर आणि जुनं सुपर कॉन्स्टेलेशन जवळून बघता येतं.

सेंटरमधला एक दिवस कसा असतो ते माझ्या भाच्यामुळे मला बऱ्यापैकी माहीत आहे. तो पेडण्याचा, आता को-पायलट आहे. सिम महाग असल्यामुळे ती दिवसरात्र चालू ठेवतात आणि नवीन मुलांच्या वाट्याला पहाटे अडीचचा स्लॉटसुद्धा येतो. आधी तासभर ब्रीफिंग, मग चार तास सिम, दोन तास एकाने उडवायचं आणि दुसऱ्याने मदत करायची, मग उलट. मागे इन्स्ट्रक्टर टचस्क्रीन घेऊन बसलेला असतो, त्याच्या हातात इंजिन बंद करणं, आग लावणं, वारा फिरवणं, कॉकपिटमध्ये धूर सोडणं, सगळं असतं, आणि फ्रीझचं बटण दाबलं की विमान हवेत जागच्या जागी थांबतं.

टेकऑफच्या वेळी व्ही-वन म्हणून एक वेग असतो, म्हणजे इथपर्यंत थांबता येतं, याच्या पुढे गेलात की काहीही झालं तरी उडायचंच, कारण रनवे उरलेला नसतो. इन्स्ट्रक्टर बरोबर त्याच क्षणी एक इंजिन मारतो. विमान तेव्हा ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास धावत असतं. उजवं इंजिन गेलं की नाक झपकन उजवीकडे वळतं, डाव्या पायाने रडरचं, म्हणजे शेपटीवरच्या उभ्या पट्टीचं, पेडल दाबून ते सरळ ठेवायचं, नाक सावकाश उचलायचं, विमान वर जातंय याची खात्री झाली की चाकं आत घ्यायची, आणि एअरबसमध्ये ४०० फूट होईपर्यंत बाकी कशालाही हात लावायचा नाही, घंटा वाजू दे नाहीतर लाल लाइट पेटू दे. भाच्याचा पाय पहिल्यांदा अर्धा सेकंद उशिरा पडला. विमान गवतात गेलं, स्क्रीन लाल झाली, इन्स्ट्रक्टरने शांतपणे विमान परत रनवेच्या टोकाला नेऊन ठेवलं आणि म्हणाला, परत. त्या रात्री त्याने हे सात वेळा केलं. मला म्हणाला, मामा, सातव्यांदा पाय आपोआप गेला, मी विचार केलाच नाही.

घरी आला की त्याची तयारी वेगळीच. कॉकपिटचा खऱ्या मापाचा कागदी पोस्टर मिळतो, तो त्याने खोलीच्या भिंतीला चिकटवला होता आणि समोर प्लास्टिकची खुर्ची. डोळे मिटून हात वर नेऊन बरोबर स्विचवर बोट ठेवायचं. माझी ताई, म्हणजे त्याची आई, स्वयंपाकघरातून येऊन चेकलिस्टचा कागद हातात धरायची आणि एकेक ओळ वाचायची, तो उत्तर द्यायचा, एखादं चुकलं तर ती परत पहिल्यापासून सुरू करायची. महिनाभर रोज संध्याकाळी दिवाबत्ती झाली की हे चालायचं. चेकच्या, म्हणजे सिममधल्या परीक्षेच्या, दिवशी ताईला ती चेकलिस्ट तोंडपाठ होती.

सिमनंतरचं डीब्रीफ, म्हणजे झालेल्या उड्डाणावरची चर्चा, हा माझ्या मते ट्रेनिंगचा खरा गाभा आहे आणि त्याबद्दल लोक फार कमी बोलतात. काय चुकलं यापेक्षा तेव्हा तुला काय दिसत होतं, तू काय समजलास, शेजारच्याला सांगितलंस का, यावर जास्त वेळ जातो. ज्युनिअर को-पायलटने सीनिअर कॅप्टनला सर, हे बरोबर नाही असं स्पष्ट म्हणायला शिकवावं लागतं, आपल्याकडे मोठ्यांना उलट बोलायचं नाही हे लहानपणापासून इतकं मुरलेलं असतं की हे सगळ्यात अवघड जातं. तसंच गो-अराउंडचं, म्हणजे न उतरता विमान परत वर नेण्याचं. पावसाळ्यात दाबोळीवर किंवा मोपाच्या सड्यावरच्या नव्या विमानतळावर ढग खाली आले आणि ठरलेल्या उंचीला रनवे दिसला नाही की पायलटने परत वर न्यायचंच असतं, मागे प्रवासी कुरकुरतात, पण तो पायलट आपलं काम बरोबर करत असतो आणि ते त्याने सिममध्ये अनेकदा केलेलं असतं.

ट्रेनिंगमध्ये काटकसर केली की काय होतं ते ७३७ मॅक्सने दाखवलं. ऑक्टोबर २०१८ आणि मार्च २०१९, दोन अपघात, ३४६ माणसं गेली. जुन्या ७३७ च्या पायलटना नव्या विमानासाठी टॅब्लेटवरचा छोटा कोर्स पुरे मानला गेला होता, सिमची गरज नाही म्हणून. विमानात दोष होता तो होताच, पण त्या दोषाशी सामना कसा करायचा हे त्या पायलटनी सिममध्ये करूनच बघितलेलं नव्हतं. नंतर विमान परत उडायच्या आधी सिम ट्रेनिंग सक्तीचं झालं. त्याआधी १ जून २००९ ला एअर फ्रान्सचं ४४७ अटलांटिकमध्ये पडलं, २२८ जण, वेग मोजणाऱ्या नळ्या बर्फाने बंद झाल्या आणि विमान स्टॉल झालंय, म्हणजे पंखांची उचल संपून ते खाली पडतंय, हे पायलटना उमगलंच नाही, त्यानंतर स्टॉल ओळखणं आणि त्यातून बाहेर काढणं यावर जगभर भर दिला गेला. सिम चौकशीतही कामाला येतं. त्याच वर्षी जानेवारीत न्यूयॉर्कला पक्षी धडकून दोन्ही इंजिनं गेलेलं विमान हडसन नदीत उतरवलं, १५५ च्या १५५ वाचले, नंतर सिममध्ये करून बघितलं तेव्हा लगेच वळणाऱ्या काहींना विमानतळ गाठता आला, पण विचार करायला लागणारे ३५ सेकंद धरल्यावर विमान पोचलंच नाही.

भारतात आता अशी सेंटरं भराभर का निघताहेत त्याचं कारण सरळ आहे. एअर इंडियाने फेब्रुवारी २०२३ मध्ये ४७० आणि इंडिगोने त्याच वर्षी जूनमध्ये ५०० विमानांची ऑर्डर जाहीर केली, आणि विमान आलं तरी पायलट नसेल तर ते उभंच राहणार. मोठी सेंटरं गुरुग्राम, ग्रेटर नोएडा, हैदराबाद, बंगळुरू या बाजूला आहेत. फ्लाइंग स्कूलसाठी मराठी मुलांना गोंदियाजवळचं बिरसी आहे, आणि अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर एअर इंडियाने ३४ विमानांचं, वर्षाला १८० पायलट घडवणारं स्कूल २०२४ मध्ये जाहीर केलं.

गोव्यात छोट्या विमानांचं फ्लाइंग स्कूल अवघड आहे असं माझं मत, दाबोळीवर सकाळी नेव्ही उडते, वर्दळ आहे, चार महिने पाऊस. पण सिम सेंटरला आकाश लागतच नाही, इमारत, एसी आणि न जाणारी वीज लागते. पहिल्या पावसात आपल्याकडे लाइट जाते ते बघता जनरेटर आणि यूपीएस भक्कम हवेत हे खरं. दोन विमानतळ आपल्याकडे आहेत, मोपाहून ५ जानेवारी २०२३ पासून विमानं सुटताहेत, आणि मार्च २०२४ पासून फ्लाय९१ ही गोव्याचीच एअरलाइन एटीआर नावाची छोटी, पंख्याची विमानं उडवते. अशा सेंटरमध्ये केबिन क्रूचंही ट्रेनिंग होतं, दार उघडून घसरगुंडीवरून उतरणं, खरी आग विझवणं, लाइफ जॅकेट घालून तलावात उडी. बोटीवर जाणाऱ्या आपल्या गोंयकारांना जहाजावर चढण्याआधी असेच कोर्स करावे लागतात, त्यामुळे इथल्या घरांना यात नवीन काही वाटणार नाही.

ज्यांना या वाटेने जायचंय त्यांच्यासाठी: बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स लागतं, नसेल तर ओपन बोर्डातून ते विषय देता येतात. कमर्शियल लायसन्सला वय १८ पूर्ण हवं. चष्मा असला तरी चालतो, चष्म्याने नजर नियमात बसली की झालं, चष्मा आहे म्हणून स्वप्न सोडलेली दोन मुलं मला माहीत आहेत, त्यांना कुणी हे सांगितलंच नव्हतं. लायसन्सचा खर्च लाखांच्या मोठ्या आकड्यात जातो, टाइप रेटिंगचा त्याहून वेगळा, म्हणून कुठल्याही स्कूलची फी भरण्याआधी क्लास टू आणि मग क्लास वन मेडिकल, म्हणजे पायलटला लागणारी आरोग्य तपासणी, करून घ्यावं.