ब्राउझरमधील अँबिसॉनिक ध्वनी

अँबिसॉनिक ध्वनिमुद्रण, म्हणजे सर्व दिशांचा ध्वनी एकत्र नोंदलेले मुद्रण, वेब ब्राउझरच्या आतच डिकोड करून, म्हणजे ऐकण्याजोग्या रूपात उलगडून, हेडफोनवर किंवा अनेक स्पीकरवर ऐकवण्याची पद्धत. आवाज ऐकणाऱ्याच्या चहूबाजूंनी, तसाच वरून आणि खालूनही, आपापल्या दिशेसकट पोचतो. ३६० अंशी व्हिडिओ आणि व्हीआरमध्ये (आभासी वास्तवात) तिचा मुख्य वापर होतो.

अँबिसॉनिक्सचा पाया १९७० च्या दशकात ब्रिटनमध्ये घातला गेला. ऑक्सफर्डचे गणितज्ञ मायकेल गेर्झन आणि रेडिंग विद्यापीठातील पीटर फेलगेट ही त्यातील प्रमुख नावे. स्टिरिओ किंवा ५.१ (सहा स्पीकरांच्या) पद्धतीत प्रत्येक चॅनेल एका ठरावीक स्पीकरचा असतो. इथे तसे नाही. एका बिंदूपाशी सर्व दिशांनी येणारा ध्वनीच चार चॅनेलांत नोंदलेला असतो: डब्ल्यूमध्ये दिशाविरहित एकूण दाब, एक्समध्ये पुढे-मागे, वायमध्ये डावे-उजवे आणि झेडमध्ये वर-खाली. ही पहिली कोटी (ऑर्डर), म्हणजे दिशेच्या तपशिलाची पहिली पातळी. दुसऱ्या कोटीला ९ आणि तिसरीला १६ चॅनेल लागतात, आणि दिशा तितक्या अधिक रेखीव होतात.

स्पीकर किती आणि कुठे, हे मुद्रणाच्या वेळी ठरवावे लागत नाही, हा या पद्धतीचा सर्वांत मोठा गुण. वेबला तो विशेष मानवतो, कारण समोरचा माणूस फोनवर ऐकतो आहे की स्पीकरच्या संचावर, हे पान तयार करणाऱ्याला आधी कळत नाही. २०१६ साली यूट्यूबने ३६० अंशी व्हिडिओंसाठी पहिल्या कोटीचा अँबिसॉनिक ध्वनी स्वीकारला. त्याच वर्षी गूगलची ऑम्निटोन ही जावास्क्रिप्ट लायब्ररी (वेब पानांत वापरायचा तयार कोड) आली आणि उच्च कोट्यांसाठी जेएसअँबिसॉनिक्सही. दोन्हींचा आधार वेब ऑडिओ एपीआय, म्हणजे ब्राउझरमधील ध्वनी हाताळण्याची सोय; ती वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यू३सी या संस्थेची अधिकृत शिफारस झाली ती मात्र २०२१ मध्ये.

डिकोड करण्याआधी ध्वनिक्षेत्र फिरवता येते, आणि ते विलक्षण स्वस्तात. श्रोत्याने मान डावी-उजवीकडे वळवली की फक्त एक्स आणि वाय हे चॅनेल कोनाच्या साइन-कोसाइनने एकमेकांत मिसळायचे. डब्ल्यू आणि झेडला हात लावावा लागत नाही. मुद्रणात एक पक्षी असो वा शंभर, गणित तेवढेच. त्यानंतर हेडफोनसाठी ध्वनी दोन कानांत उतरवावा लागतो. घनाच्या आठ कोपऱ्यांवर काल्पनिक स्पीकर मानून प्रत्येकाचा दोन्ही कानांवरील परिणाम काढला, तर सोळा कॉन्व्होल्यूशन (ध्वनीवर फिल्टर लावण्याच्या गणिती क्रिया) होतात. पण डोके डाव्या-उजव्या बाजूंना सममित मानले, तर प्रत्येक चॅनेलसाठी एक अशी चारच पुरतात: उजव्या कानासाठी वायचे चिन्ह उलटले की झाले. साध्या फोनवरही हे चालते, ते या काटकसरीमुळे.

अडचणी निघतात त्या ब्राउझर चॅनेलांना स्पीकर समजतो म्हणून. वेब ऑडिओत चार चॅनेल म्हणजे मूळ नियमानुसार चार कोपऱ्यांतले चार स्पीकर. त्यामुळे डिकोड न केलेला प्रवाह सरळ स्टिरिओत गेला, तर अँबिएक्स या आजच्या प्रचलित चॅनेल-क्रमातील डब्ल्यू आणि झेड डाव्या कानात, वाय आणि एक्स उजव्या कानात अशी निरर्थक बेरीज होते. म्हणून चॅनेलांचा अर्थ ‘डिस्क्रीट’, म्हणजे स्पीकर न मानता सुटा, ठेवणे अत्यावश्यक आहे. क्रमाचा घोळही नेहमीचा. जुन्या फ्युर्स-मॅलहॅम पद्धतीत क्रम डब्ल्यू, एक्स, वाय, झेड असा असून डब्ल्यू ३ डेसिबलने कमी असतो. २०११ मधील अँबिएक्समध्ये तो डब्ल्यू, वाय, झेड, एक्स असा आहे. जुनी फाइल नव्या क्रमाने वाचली, तर समोरचा आवाज डावीकडून आणि डावीकडचा डोक्यावरून ऐकू येतो.

स्मृतीचा भारही मोठा. संपूर्ण संकुचित फाइल एकदम उलगडून स्मृतीत ठेवली तर ४८ किलोहर्ट्झला पहिल्या कोटीचे एक मिनिट सुमारे ४६ एमबी व्यापते आणि तिसऱ्या कोटीचे १८४ एमबी. लांब मुद्रणांसाठी प्रवाही (थोडे थोडे आणून वाजवण्याची) पद्धतच योग्य. ऑपस या ध्वनी-संकोचन पद्धतीत (कोडेकमध्ये) अँबिसॉनिक चॅनेलांची सोय २०१८ मध्ये प्रमाणित झाली. शिवाय श्रोत्याने पानावर क्लिक केल्याशिवाय क्रोम वेब ऑडिओ सुरू होऊ देत नाही, आणि आयओएस १३ पासून फोनच्या हालचालीची माहिती घेण्यास सफारीत वेगळी परवानगी लागते.

कानाच्या पाळीचा आणि डोक्याचा आकार व्यक्तीगणिक वेगळा असतो, पण ध्वनी दोन कानांत उतरवणारे ब्राउझरमधील फिल्टर बहुधा सर्वांसाठी एकच. त्यामुळे पुढचा आवाज मागून आल्याचा भास काहींना होतो. डोक्याबरोबर ध्वनिक्षेत्र फिरले की हा गोंधळ बराच कमी होतो. फोन व्हीआर चष्म्यात बसवला असेल तर हे आपोआप साधते. टेबलावरच्या लॅपटॉपला डोके वळल्याचा पत्ता नसतो, तिथे दृश्य माउसने फिरवावे लागते.