खटला न भरता मुलगा सुधारतो का?

मे 2024 मध्ये कल्याणीनगरला भरधाव पोर्शेने दोघांचा जीव घेतला. गाडी चालवणाऱ्या 17 वर्षांच्या मुलाला जामीन देताना बाल न्याय मंडळाने 300 शब्दांचा निबंध लिहायला सांगितला. तेव्हापासून पुण्यात अल्पवयीनांना कोर्टाबाहेर हाताळायचा विषय निघाला की कुणीतरी ‘मग निबंध लिहून घ्या’ म्हणतंच. राग रास्त होता. पण ती जामिनाची अट होती, आणि प्रकरण दोन मृत्यूंचं. डायव्हर्जन, म्हणजे मुलाला खटल्याऐवजी समज, समुपदेशन किंवा भरपाई अशा वाटेला लावायची पद्धत, मुख्यतः वेगळ्या मुलासाठी आहे: दुचाकी पळवणारा, मोबाइल उचलणारा, वस्तीतल्या गाड्यांच्या काचा फोडणारा आणि पहिल्यांदाच सापडलेला.

अशा मुलावर खटला चालवला तर तो पुन्हा गुन्हा करायचा थांबतो का, हे मोजता येतं. सारख्या मुलांमधून चिठ्ठ्या टाकून काहींना कोर्टात पाठवायचं, काहींना नाही, आणि पुढे लक्ष ठेवायचं. अशा 29 प्रयोगांचा एकत्रित आढावा 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांत 7,000 हून जास्त मुलं होती. खटल्याने पुढचे गुन्हे कमी झाले नाहीत, उलट कल किंचित वाढीकडेच दिसला. पोलिसांनीच मुलाला कोर्टाच्या वाटेवरून बाजूला काढलं तर काय होतं, हे 2018 च्या दुसऱ्या आढाव्याने पाहिलं. नेहमीच्या कारवाईनंतर 100 पैकी 50 मुलं पुन्हा सापडतात असं धरलं, तर बाजूला काढलेल्यांपैकी 44. चमत्कार नाही, आणि हे अभ्यास पाश्चात्त्य देशांतले. तरी कोर्टात ओढल्याने मुलगा ताळ्यावर येतो या समजुतीला त्यांत आधार सापडत नाही.

एक कारण वयाचंच आहे. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी 2005 च्या प्रयोगात किशोर, तरुण आणि प्रौढांना कॉम्प्युटरवर गाडी चालवायला दिली. पिवळा दिवा लागलाय. थांबायचं की अजून थोडं दामटायचं? सोबत मित्र असले की 13 ते 16 वयाच्या मुलांचं धाडस सर्वांत जास्त वाढलं, प्रौढांना फारसा फरक पडला नाही. (ट्रिपल सीट जाणारी पोरं रोज पाहणाऱ्या पुणेकराला याचं नवल वाटणार नाही.) मानसशास्त्रज्ञ टेरी मॉफिट यांनी 1993 मध्येच मांडलं होतं की बहुतेकांची ही वागणूक त्या वयापुरतीच असते, आयुष्यभर गुन्हे करणारे मोजके. मग जे वयाबरोबर ओसरणार होतं ते ओसरू न देणारं काय? शाळा सुटणं आणि कोठडीत भेटलेली संगत. शिकागोतल्या मुलांच्या नोंदींवरच्या 2015 च्या अभ्यासात, कडक न्यायाधीश वाट्याला आल्यामुळे कोठडीत गेलेल्यांचं शिक्षण अर्धवट राहण्याचं आणि मोठेपणी तुरुंगात जाण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं.

आपल्याकडे यासाठी नवा कायदा लागत नाही. न्यायालयीन प्रक्रियेविना मार्ग काढावा हे तत्त्व 2015 च्या बाल न्याय कायद्याच्या कलम 3 मध्येच आहे. केंद्राच्या 2016 च्या आदर्श नियमांनुसार, गुन्हा अतिगंभीर नसेल आणि बरोबर कुणी सज्ञान नसेल, तर एफआयआर नोंदवायचाच नाही. ठाण्याच्या डायरीत नोंद करायची आणि घरच्या परिस्थितीच्या अहवालासह माहिती मंडळाकडे पाठवायची. टोळक्यात एखादा 18 ओलांडलेला असला की मात्र हे दार बंद.

अतिउत्साहाचाही धोका आहे. डायव्हर्जनचा कार्यक्रम सुरू झाला की त्यात मुलं भरावी लागतात. मग ज्याला हवालदाराने चार शब्द सुनावून, बापाला बोलावून घरी धाडलं असतं, त्याच्याही मागे महिनोन्महिने समुपदेशन लागतं. अशा मुलाला समज देऊन सोडावं, हेच बरं.

माझ्या मते आपल्याकडे विसरला जातो तो काच फुटलेला रिक्षावाला. न्यूझीलंडने 1989 च्या कायद्याने कौटुंबिक बैठक आणली. मुलगा, घरचे, पोलीस आणि ज्याचं नुकसान झालं तो, असे सगळे समोरासमोर बसतात. माफी, भरपाई, काम यांचं तिथेच ठरतं आणि ते पाळलं गेलं नाही तर कोर्ट आहेच. आपल्या मंडळालाही कलम 18 खाली समाजसेवेचा आदेश देता येतो, पण चौकशी संपल्यावर. तोवर रिक्षावाल्याने पदरचे पैसे घालून काच बसवून घेतलेली असते.