‘हे अ‍ॅप उघडायचे का?’ हा प्रश्न कुठून आला

अ‍ॅप उघडणाऱ्या दुव्यावर क्लिक केले की ब्राउझर मध्येच थांबून परवानगी मागतो. घाईत असताना ते खटकते, पण हा प्रश्न विचारला जाऊ लागायला बरीच वर्षे गेली आहेत.

वेबच्या पत्त्यात अपूर्णविरामाआधी जो शब्द असतो, तो पुढचे काम कोणाचे हे ठरवतो. 1994 साली टिम बर्नर्स-ली आणि सहकाऱ्यांनी पत्त्याची रचना ठरवली, तेव्हाच त्यात ‘मेलटू’ होता, म्हणजे ईमेलचा प्रोग्रॅम उघडा. पुढे विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे तिच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, कोणताही प्रोग्रॅम स्वतःचा असा शब्द नोंदवू लागला. त्यामुळे संगणकात शिरायला किती दारे तयार झाली, याचा मालकाला पत्ताच नसे.

जुलै 2007 मध्ये त्यातले एक दार उघडे सापडले. इंटरनेट एक्सप्लोरर या ब्राउझरमधल्या दुव्यात अवतरणचिन्ह पेरून फायरफॉक्स या दुसऱ्या ब्राउझरला भलत्याच आज्ञा देता येत होत्या. न तपासता पुढे ढकलणारा चुकला की न तपासता घेणारा, यावर वाद झाला. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने आपल्या बाजूची दुरुस्ती केली आणि मग कळले की फायरफॉक्सही इतर प्रोग्रॅमांना तसेच, न तपासता, दुवे देतो. त्याच महिन्यात त्यांना दुसरी दुरुस्ती काढावी लागली. विंडोजमधली दुरुस्ती नोव्हेंबरात आली.

2012 मध्ये हाच धोका फोनवर दिसला. ब्युनोस आयर्सच्या इकोपार्टी परिषदेत संशोधक रवी बोरगावकर यांनी दाखवले की, पानात लपवलेला एक ‘टेल’ (फोन लावायला सांगणारा) दुवा सॅमसंगच्या काही फोनांमधला सगळा डेटा पुसू शकतो. नुसते पान उघडणे पुरेसे होते.

मला सर्वांत गंभीर वाटते ते 2019 चे झूम प्रकरण. अ‍ॅपलच्या सफारी 12 या ब्राउझरने बाहेरचे अ‍ॅप उघडण्याआधी दर वेळी विचारायला सुरुवात केली होती. तो एक क्लिक वाचवण्यासाठी झूमने मॅकवर गुपचूप एक छोटा सर्व्हर, म्हणजे मागे चालत राहणारा प्रोग्रॅम, बसवला. ब्राउझर अ‍ॅपऐवजी त्या सर्व्हरशी बोले, त्यामुळे प्रश्न विचारायची वेळच येत नसे. सुरक्षा संशोधक जोनाथन लाइटशू यांनी 8 जुलैला हे उघड केले: कोणतेही संकेतस्थळ माणसाला मीटिंगमध्ये ओढू शकत होते, अनेकदा कॅमेरा चालू ठेवून. झूम काढून टाकले तरी सर्व्हर मागे राही आणि झूम पुन्हा बसवू शके. शेवटी अ‍ॅपलने स्वतः अपडेट पाठवून तो मॅकवरून हटवला. सोय म्हणून माणसाचा नकार असा डावलणे अक्षम्य आहे.

त्याच वर्षी क्रोम 77 ब्राउझरने या प्रश्नातली ‘नेहमी उघडा’ ही खूण काढली, कारण ती एकदा केली की सगळ्याच संकेतस्थळांना मोकळीक मिळे. लोकांनी तक्रारी केल्या. मग ती परतली, पण एकेका संकेतस्थळापुरती.

2021 मध्ये आणखी एक उणीव समोर आली. अ‍ॅप न उघडताही, ब्राउझरच्या प्रतिसादावरून ते संगणकात आहे की नाही हे संकेतस्थळाला ओळखता येत होते. अशा अ‍ॅपांच्या यादीवरून तोच माणूस वेगवेगळ्या ब्राउझरांमध्येही हेरता येई, अगदी ओळख लपवणाऱ्या टॉर ब्राउझरमध्येसुद्धा.