नाट्यगृहात कॅमेरा न्यायचाय? परवानगी, पात्रता आणि कागदपत्रे

सांगली-मिरजेत नाटक किंवा मैफल टिपायला गेलेल्यांचा वाद बहुधा दारातच होतो. 'व्यावसायिक कॅमेऱ्यास मनाई' एवढीच सूचना असते. व्यावसायिक कशाला म्हणायचे, हे सुरक्षारक्षकाला कुणी सांगितलेलेच नसते. मग तो फक्त लेन्स निघते का ते पाहतो. या हिशेबाने सोबत मिळणाऱ्या साध्या किट लेन्सचा, पण लेन्स बदलता येणारा छोटा मिररलेस कॅमेरा बाहेर राहतो आणि ३००० मिमीपर्यंत, म्हणजे खूप दूरचे जवळ आणणारा झूम असलेला निकॉन पी१००० कॅमेरा आत जातो, कारण त्याची लेन्स निघत नाही. रक्षकाशी हुज्जत घालून उपयोग नाही, त्याच्या हातात लेखी कागद हवा.

अर्ज त्या दिवसासाठी नाट्यगृह घेतलेल्या आयोजकाकडे करायचा, मग ते भावे नाट्यमंदिर असो की मिरजेचे बालगंधर्व. त्याची प्रत व्यवस्थापकांना द्यायची. आयोजकाने नेमलेला छायाचित्रकार, संपादकाचे पत्र असलेला वार्ताहर किंवा नाट्यसंस्थेने पाठवलेली व्यक्ती, यांना परवानगी सहज मिळते. नुसते तिकीट काढलेल्या हौशी मंडळींनी रंगीत तालमीची परवानगी मागावी. तिथे प्रकाशयोजना तीच असते आणि कुणा प्रेक्षकाच्या आड आपण येत नाही.

अर्जात 'छायाचित्रण' आणि 'चित्रीकरण' वेगळे लिहा. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ३८अ नुसार प्रयोगाचे दृकमुद्रण हा कलाकाराचा हक्क आहे. त्यामुळे व्हिडिओसाठी आयोजकाची सही पुरत नाही, कलाकारांची किंवा संस्थेची संमतीही जोडावी लागते.

सोबत ओळखपत्राची प्रत आणि साहित्याची यादी द्या: बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा), प्रत्येक लेन्स, फ्लॅश, मोनोपॉड (एका पायाचा स्टँड), सगळे मॉडेल आणि अनुक्रमांकासह. बॉडीचा क्रमांक बहुधा तळाशी असतो आणि ट्रायपॉडच्या प्लेटखाली झाकला जातो, म्हणून तो घरीच उतरवून घ्या. यादी असली की बाहेर पडताना 'हे तुमचेच कशावरून' हा प्रश्न उरत नाही.

अर्ज चार-पाच दिवस आधी द्यावा आणि मंजुरीच्या सही-शिक्क्याच्या दोन प्रती घ्याव्यात. हमखास घोळ पाळी बदलताना होतो: पत्र दुपारच्या रक्षकाकडे राहते, संध्याकाळच्याला पत्ताच नसतो. एक प्रत खिशात हवीच.

आत ट्रायपॉडऐवजी मोनोपॉड बरा, वाट अडत नाही. फ्लॅश आणि अंधारात फोकससाठी कॅमेऱ्यावर आपोआप लागणारा सहायक दिवा बंद ठेवा. मूक (आवाज न करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक) शटरवर एलईडी दिव्यांखाली फोटोत पट्टे उमटू शकतात. सुरुवातीलाच एक फ्रेम तपासा.

खासगी रक्षक प्रवेश नाकारू शकतो. कॅमेरा जप्त करण्याचा किंवा फोटो पुसायला लावण्याचा अधिकार त्याला नाही. २००५ च्या खासगी सुरक्षा संस्था कायद्यानुसार त्याच्याकडे फोटो ओळखपत्र असते, ते शांतपणे पाहायला मागा. साहित्य दारात ठेवावे लागलेच, तर मेमरी कार्ड आणि बॅटरी काढून घ्या आणि अनुक्रमांक लिहिलेली पावती घेतल्याशिवाय बॅग सोडू नका.